परसातील कुक्कुटपालन (नांदेड व लातूर जिल्हे)

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घराच्या अंगणात, परसात किंवा शेतातील आखाड्यावर थोड्या कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याची पद्धत होय. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत ती कोरडवाहू शेतीचा जोडधंदा म्हणून प्रचलित असून पक्ष्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५.२ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. नवख्या पालकाचा तोटा अंडी कमी मिळाल्याने होतो त्याहून अधिक पक्षी दगावल्याने होतो; म्हणून जात, हंगाम, निवारा व लसीकरण यांचा विचार पिल्ले आणण्यापूर्वीच करणे आवश्यक असते.

जाती

गावठी कोंबडी काटक असते. ती वर्षाला साधारणतः ५० ते ८० अंडी देते, खुडूक होऊन ती उबवते आणि पिल्लांचा सांभाळही करते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया आणि बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराज या जाती अधिक अंडी देतात. मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून कळपात दोन-तीन गावठी कोंबड्या ठेवून त्यांच्याखाली अंडी उबवली जातात. पिल्ले २१ दिवसांत बाहेर पडतात. संकरित पक्ष्यांच्या पुढील पिढीत मूळ गुण पूर्णपणे उतरत नाहीत.

प्रारंभ व हंगाम

पहिला कळप १० ते १५ पक्ष्यांचा असणे सोयीचे असते. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, परंतु ती उबत नाहीत. एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात, पण त्यांना कृत्रिम ऊब द्यावी लागते: पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर दाटी करू लागली तर ऊब कमी पडते, आणि दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर ती जास्त होते, असे समजावे. नवख्या पालकाला तीन-चार आठवड्यांची, लस दिलेली पिल्ले अधिक सोयीची ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान ४० अंशांच्या वर जात असल्याने पावसाळा ओसरल्यावर पिल्ले आणणे हिताचे असते.

निवारा व पाणी

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला एक ते दीड चौरस फूट जागा लागते. मांजर व मुंगूस शिरू नये म्हणून बारीक जाळी लावतात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास आत ऊन कमी येते. उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा अंथरतात. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते आणि कडक उन्हात ही गरज जवळजवळ दुप्पट होते. पंधरा पक्ष्यांना उन्हाळ्यात रोज सात-आठ लिटर पाणी लागते. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या प्रदेशात कळपाचा आकार पाण्यावरच ठरतो.

खाद्य

किडे, कोवळे गवत व सांडलेले धान्य हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य होय. सायंकाळी थोडी ज्वारी किंवा मका खुराड्याजवळ टाकल्यास पक्षी परतण्याची सवय लागते. या भागात सोयाबीन मुबलक असले तरी कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. म्हणून ते भाजून किंवा पेंडीच्या रूपात देतात. पावसात भिजून काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी विषारी ठरू शकते. अंड्याचे कवच टणक होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा देतात.

रोग व लसीकरण

राणीखेत अर्थात मानमोडी या विषाणुजन्य रोगावर उपचार नाही. तो काही दिवसांत संपूर्ण कळप संपवू शकतो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस, सुमारे महिन्याने तिची पुनरावृत्ती आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस असा क्रम रूढ आहे. देवी रोगावरही लस दिली जाते. लसीची कुपी बर्फात आणावी लागते. एका कुपीत अनेक पक्ष्यांच्या मात्रा असतात. त्यामुळे शेजारच्या घरांनी एकाच दिवशी लसीकरण केल्यास खर्च विभागला जातो आणि रोगाला गल्लीत थारा मिळत नाही. मार्गदर्शनासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्र उपलब्ध आहेत.

बर्ड फ्लू

भारतात हा रोग कोंबड्यांमध्ये प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याचा उद्रेक झाला, तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे मृत कावळ्यांमध्ये त्याचा विषाणू आढळला. उद्रेक झाल्यास साधारणतः एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात. त्यातून परसातील निरोगी पक्षीही सुटत नाहीत. म्हणून अचानक मेलेला पक्षी खाऊ वा विकू नये, नाल्यात फेकू नये. उघड्या हाताने न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे.