अवकाशातील सेंद्रिय रेणू आणि लोणार सरोवर

अवकाशातील सेंद्रिय रेणू : आंतरतारकीय मेघ, धूमकेतू, लघुग्रह व अशनी यांत जीवाच्या सहभागाविना तयार होणारे कार्बनयुक्त रेणू. त्यांपासून जीवन कसे उगवले, या प्रश्नाच्या चर्चेत वऱ्हाडातील लोणार सरोवराला (जि. बुलढाणा, अमरावती विभाग) महत्त्वाचे स्थान आहे.

उणे २६०° से.च्या आसपास तापमान असलेल्या मेघांत धूलिकणांवर पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड यांचे बर्फ साचते. कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू जोडले जाऊन आधी फॉर्माल्डिहाइड व मग मिथेनॉल बनते. जंबुपार किरणांच्या माऱ्याने पुढे अधिक गुंतागुंतीचे रेणू घडतात. अवकाशातील फॉर्माल्डिहाइडचा शोध १९६९ मधला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत ७० हून अधिक ॲमिनो आम्ले सापडली.

हे रेणू म्हणजे जीव नव्हेत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किमी. उंचीवरील हवेत सूक्ष्मजीव शोधले. सजीवच बाहेरून येतात का, हा त्यांचा प्रश्न याहून वेगळा होता.

लोणारचे सुमारे १.८ किमी. व्यासाचे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात अशनीच्या आघाताने झाले. आरगॉन पद्धतीने त्याचे वय सुमारे ५.७ लाख वर्षे येते. पृथ्वीवरील जीवन किमान ३५० कोटी वर्षे जुने असल्याने लोणार त्याचे जन्मस्थान असू शकत नाही. शिवाय एवढ्या आघातात अशनीतील नाजूक रेणू टिकणेही कठीण; ते सुखरूप पोचतात ते मुख्यतः लहान अशनी व धुळीतून. लोणारचे मोल त्याच्या पाण्यात आहे.

विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. बाष्पीभवनाने क्षार साचत जाऊन पाण्याचा सामू १० च्या आसपास पोचतो. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी या नावांनी इथला खार पूर्वी काढला जाई. आरएनए, डीएनए व पेशीपटल यांना फॉस्फेट लागते, पण साध्या पाण्यात कॅल्शियम त्याला बांधून खनिजात अडकवते. कार्बोनेटयुक्त सरोवरात कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते आणि फॉस्फेट पाण्यात मोकळे राहते, असे वॉशिंग्टन विद्यापीठाचे टोनर व कॅटलिंग यांनी २०२० मध्ये मांडले. अशा सरोवरांच्या उदाहरणांत कॅलिफोर्नियातील मोनो व केनियातील मगाडी यांच्यासोबत लोणारचे नाव येते.

या मांडणीला अनपेक्षित दुजोरा अवकाशातून मिळाला. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये आणलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या मातीत प्रथिनांतील २० पैकी १४ ॲमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएमधील पाचही नत्रयुक्त आधारघटक मिळाले. सोबत ट्रोना हा सोडियम कार्बोनेटचा क्षारही आढळला. तो लोणारच्या काठीही बनतो. म्हणजे बेन्नूच्या मूळ पिंडात कधीकाळी खारे, सोडायुक्त पाणी आटत गेले होते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा दुवा आहे.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय आर्किया सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. गोडे पाणी किंवा सांडपाणी अधिक मिसळल्यास क्षारता उतरते आणि या सूक्ष्मजीवांचा आधारच जातो. म्हणून येणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवणे तातडीचे आहे.