एक किलोबाइटचा संगणक: झेडएक्स ८१ ची घडण

केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने मार्च १९८१ मध्ये झेडएक्स ८१ हा घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा जोडलेल्या यंत्राची किंमत ६९.९५ पौंड आणि सुट्या भागांच्या संचाची ४९.९५ पौंड ठेवण्यात आली होती. ही किंमत साधण्यासाठी आधीच्या झेडएक्स ८० मधील २१ चिप्सचे काम चार-पाच चिप्सवर आणले गेले, कारण किरकोळ जोडकामाची बहुतेक मंडले फेरांटी कंपनीने घडवलेल्या एकाच चिपमध्ये सामावली होती. तिच्याखेरीज उरला तो झेड ८० हा प्रोसेसर, बेसिक ही भाषा कायमची कोरलेली ८ किलोबाइटची रॉम आणि अवघ्या १ किलोबाइटची, म्हणजे १०२४ बाइटची, रॅम. या यंत्राच्या लहरी म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या जवळजवळ सर्व या काटकसरीतून आल्या आहेत, आणि त्यांपैकी पडद्यावर अक्षरे उमटवण्याची पद्धत संगणकरचनेतील अत्यंत बुद्धिमान युक्त्यांमध्ये गणली जावी अशा योग्यतेची आहे.

दूरचित्रवाणी संचाला सतत चित्र पुरवत राहण्याचे काम इतर अनेक संगणकांत वेगळ्या मंडलाकडे असे, तर झेडएक्स ८१ मध्ये त्यातील मोठा भार प्रोसेसरवरच होता. पडद्यावरचा मजकूर एका अक्षराला एक बाइट या हिशेबाने, सांकेतिक क्रमांकांच्या रूपात, रॅममध्ये ठेवलेला असे. चित्र काढण्याची वेळ आली, की प्रोसेसर त्या मजकुरावरच उडी घेई आणि तो प्रोग्राम समजून चालवू लागे. मात्र ही उडी मजकुराच्या खऱ्या पत्त्यावर नसून त्यात ३२,७६८ मिळवून येणाऱ्या पत्त्यावर असे. तिथून आज्ञा मागितली गेली, की फेरांटीची चिप अक्षराचा क्रमांक स्वतःकडे टिपून घेई आणि प्रोसेसरच्या हाती शून्य ठेवी; झेड ८० च्या आज्ञावलीत शून्य म्हणजे 'काही करू नये', म्हणून प्रोसेसर निमूटपणे पुढच्या बाइटकडे वळे. प्रत्येक आज्ञा वाचल्यावर हा प्रोसेसर रॅम ताजी ठेवण्याच्या सोयीसाठी क्षणभर एक पत्ता बाहेर मांडतो. तो क्षण चिपने वाया जाऊ दिला नाही: त्या पत्त्यात टिपलेला क्रमांक मिसळून ती रॉममधून अक्षराच्या आकृतीची आठ ठिपक्यांची एक आडवी रेघ मिळवी आणि संचाकडे पाठवी. अक्षराची उंची आठ रेघांची असल्यामुळे मजकुराची प्रत्येक ओळ अशी आठ वेळा चालवली जाई. ओळ संपल्याची खूण म्हणून ११८ हा क्रमांक वापरला होता, आणि झेड ८० च्या भाषेत ११८ म्हणजे 'थांब'. हा क्रमांक चिप शून्यात बदलत नसे, त्यामुळे ओळीच्या शेवटी प्रोसेसर खरोखरच थांबून राही आणि पुढील रेघेचा इशारा मिळताच पुन्हा चालू लागे. मजकुरातील खूण आणि यंत्राची आज्ञा यांना एकाच बाइटमध्ये बसवणाऱ्या या निवडीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

चित्र काढण्याच्या या पद्धतीची किंमत मात्र वेगात मोजावी लागली. झेडएक्स ८० मध्ये आकडेमोड चालू असताना पडदा कोराच राही. झेडएक्स ८१ मध्ये 'स्लो' आणि 'फास्ट' अशा दोन आज्ञा आल्या. पहिलीत चित्र टिके, परंतु प्रोग्रामच्या वाट्याला मुख्यतः चित्राच्या वरच्या व खालच्या कोऱ्या पट्ट्यांचा वेळ येई आणि तो सुमारे एक चतुर्थांश वेगाने चाले, तर दुसरीत चित्र बंद ठेवून पूर्ण वेग मिळे.

रॅमची टंचाई याहून कठोर होती. १०२४ पैकी १२५ बाइट यंत्राच्या स्वतःच्या नोंदींसाठी राखीव होते, आणि २४ ओळी व ३२ रकाने पूर्ण भरलेला पडदा ७९३ बाइट खाई, म्हणजे प्रोग्रामसाठी शंभराच्या आसपास बाइट उरले असते. म्हणून लहान रॅममध्ये रिकाम्या ओळीसाठी केवळ ११८ ही खूण ठेवली जाई आणि मजकूर येईल तशी ओळ वाढे. बेसिकमध्येही असाच जमाखर्च होता. 'प्रिंट'सारखा शब्द एका कळीने उमटे आणि एकाच बाइटमध्ये मावे, परंतु प्रोग्राममध्ये लिहिलेल्या प्रत्येक संख्येमागे तिचे आकडे आणि शिवाय सहा बाइट साठवले जात: एक खुणेचा आणि पाच तिच्या द्विमान रूपाचे. त्यामुळे साध्या एकाला सात बाइट लागत. जाणते प्रोग्रामर त्याऐवजी 'एसजीएन पाय', म्हणजे पाय (π) या संख्येचे चिन्ह, असे लिहीत, ज्याचे उत्तर १ येते आणि जागा दोनच बाइट लागते. शून्यासाठी त्याच न्यायाने 'नॉट पाय' वापरले जाई. वाचणाऱ्याला असा प्रोग्राम विचित्र वाटतो, परंतु त्यातील एकही शब्द हौसेपोटी आलेला नाही. ज्यांना हे बंधन सोसवत नसे ते १६ किलोबाइटची जोडपेटी यंत्राच्या पाठीला लावत. ती पुरेशी घट्ट बसत नसल्यामुळे किंचित हलली तरी संपर्क तुटे आणि टंकलेले सारे नाहीसे होई.

जोडपेटीवाचून काय साधता येते याचा पुरावा डेव्हिड हॉर्न यांच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामने दिला. यंत्रभाषेत लिहिलेला हा प्रोग्राम ६७२ बाइटमध्ये खेळणाऱ्याच्या खेळीला उत्तर देई. किल्लेकोट आणि प्याद्याची बढती त्याने वगळली होती, आणि इतक्या जागेत ते वगळणेच शहाणपणाचे होते.

एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रम या सिंक्लेअरच्या पुढच्या संगणकात चित्राची जबाबदारी फेरांटीच्या नव्या चिपकडे गेली आणि मजकुरावर उडी घेण्याची गरज संपली. संख्या साठवण्याची रीत मात्र बेसिकसोबत तशीच पुढे आली, त्यामुळे ४८ किलोबाइट रॅम असलेल्या यंत्रावरही जागा वाचवू पाहणारे लोक शून्याच्या जागी 'नॉट पाय' लिहीत राहिले.