नत्र उडविणाऱ्या जंतूंचा शोध



शेतात टाकलेले खत जाते कुठे? काही पिकाच्या मुळांना मिळते, काही पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते किंवा खाली झिरपते. हे आपण जाणतोच. पण खतातील नत्राला आणखी एक वाट आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मातीतले काही जंतू नायट्रेटरूपी नत्राचा वायू करून तो हवेत सोडून देतात. शास्त्रज्ञ याला विनत्रीकरण म्हणतात. हे जंतू माणसाच्या हाती कसे लागले, ती हकिकत आज सांगावयाची आहे.

१८८२ साली फ्रान्समधील गेयों आणि द्युपेती या दोघांनी सांडपाण्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालून ठेवला. काही दिवसांनी पाहतात तो सोरा नाहीसा! मात्र पाणी आधी तापवले किंवा त्यात क्लोरोफॉर्म घातला, की सोरा जसाच्या तसा राही. तेव्हा हे काम सजीवाचे, हे उघड झाले. पण सांडपाण्यात जंतूंच्या अनेक जाती. त्यांतला नेमका करणारा कोण?

त्याच सुमारास जर्मनीत रॉबर्ट कोख यांनी घट्ट पृष्ठभागावर जंतू वेगवेगळे वाढविण्याची रीत काढली होती. तिच्यासाठी आगर वापरावे, हे सुचविले फॅनी हेस या गृहिणीने. आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात, तोच हा पदार्थ. १८८६ मध्ये गेयों व द्युपेती यांनी सोरा फोडणारे दोन जंतू शुद्ध स्वरूपात मिळविले.

पुढे भलतेच झाले. १८९५ च्या सुमारास जर्मनीतील वाग्नर यांनी सांगितले की, ताजे शेणखत आणि सोरा एकत्र दिल्यास सोऱ्यातला नत्र उडून जातो. बुरी आणि स्टुट्झर यांना घोड्याच्या लिदीत व काडात तसे जंतू सापडलेही. मग शेणखतच घातक, अशी हाकाटी झाली. इंग्लंडच्या वॉरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले की, कुंड्यांतील प्रयोगांत शेणखत वाजवीपेक्षा फारच जास्त घातले होते. शेतकरी एवढे घालीत नाही. जंतू खरे होते, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष अतिरेकी होता.

मातीतून हवा तो जंतू काढण्याची खरी युक्ती हॉलंडमधील डेल्फ्टच्या बायरिंक यांनी रुळविली. त्यांचे म्हणणे असे, की जंतूच्या मागे धावू नका. पंगत अशी मांडा की त्यालाच जेवता येईल. १९१० मध्ये त्यांनी व मिंकमन यांनी मातीतून मिळविलेला एक जंतू आजही प्रयोगशाळांतून अभ्यासला जातो.

ही पंगत कशी मांडतात? बाटलीत सोऱ्याचे पाणी, जंतूंना खाण्यास ॲसिटेटसारखा सेंद्रिय पदार्थ आणि चिमूटभर माती घालतात. बाटली काठोकाठ भरून बूच लावतात व उबदार जागी ठेवतात. आत हवा नाही. तेव्हा नायट्रेटवर श्वास चालविणाराच जंतू फोफावतो. बुडबुडे दिसू लागले की त्यातला थेंब नव्या बाटलीत, मग पुन्हा नव्या बाटलीत. शेवटी तो द्रव आगरवर पसरतात. तिथे उठणारा प्रत्येक सुटा ठिपका बहुधा एकेका जंतूचा वंश असतो. तो पुनःपुन्हा पसरून शुद्ध करतात. मग नळीत, आत एक लहान नळी उपडी ठेवून, वाढवितात. त्याने वायू केला तर तो उपड्या नळीत साठतो.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नायट्रेट नाहीसे झाले एवढ्यावरून निकाल देता येत नाही. कित्येक जंतू नायट्राइटपाशीच थांबतात, काही त्याचा अमोनिया करतात. तो नत्र तिथेच राहतो. म्हणून साठलेला वायू नत्र किंवा नायट्रस ऑक्साइड आहे, हे तपासावेच लागते. नायट्रस ऑक्साइड पृथ्वीचे तापमानही वाढवितो. वजनास वजन धरल्यास कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. आज मातीतील जनुके तपासूनही या जंतूंचा माग काढतात, कारण बाटलीत सगळेच वाढत नाहीत.

शेतकरी बंधूंनो, त्या बाटलीतच आपल्या शेतासाठी धडा आहे. नायट्रेट, सेंद्रिय खाद्य आणि हवेचा अभाव, ही तीन एकत्र आली की नत्र उडतो. सेंद्रिय खत तर जमिनीला हवेच. म्हणून पाणी तुंबू देऊ नका, चर काढा, आणि खताची मात्रा एकदम न देता वाफसा पाहून विभागून द्या. भातखाचरात पाणी उभेच असते. तिथे नायट्रेटयुक्त खत टाळावे. वर फेकलेल्या युरियाचेही पृष्ठभागी हवेशीर थरात नायट्रेट होते, आणि ते खाली झिरपले की उडते. कोकणात चारसूत्री पद्धतीने भात लावणारे शेतकरी म्हणूनच युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचतात. तिथे हवा नसल्याने नत्र अमोनियारूपात टिकतो व मुळांना मिळतो. जंतूंना मारणे आपल्या हाती नाही. त्यांची पंगत मांडावी की नाही, हे मात्र पुष्कळसे आपल्याच हाती आहे.