1403 च्या कोरड्या हंगामात

तुमच्या दोन्ही हातांत पोकळ गिरमिटाची आडवी मूठ आहे आणि तुम्ही ते खोडात पिळत चालला आहात. दा लात हे दक्षिण व्हिएतनाममधलं थंड हवेचं शहर मागे राहिलं. इथे, बिदूप नुई बा राष्ट्रीय उद्यानाच्या उंच उतारावर, ढग झाडांतून वाहतात आणि तुमचे कपडे पाऊस नसतानाही भिजतात. समोरचं झाड सरूच्या कुळातलं, नाव पो मू. त्याच्या लाकडाला छान वास असतो. त्या वासापायी आणि टिकाऊपणापायी ते बेसुमार तोडलं गेलं, म्हणून म्हातारी झाडं आता अशा अवघड जागीच उरली आहेत.

गिरमिटातून लाकडाची एक कांडी बाहेर येते, जेमतेम 5 मिलिमीटर जाडीची. झाडाला त्यानं काही होत नाही, ते छिद्र ते स्वतःच भरून काढतं. कांडी लाकडी पट्टीवर चिकटवून सँडपेपरनं गुळगुळीत करा आणि भिंगाखाली धरा. फिकट पट्टा म्हणजे हंगामाच्या सुरुवातीची भरभर झालेली वाढ, त्याला लागून असलेली गडद रेघ म्हणजे वाढ थांबत आल्याची खूण. दोन मिळून एक वर्ष. इथल्या पो मूची वाढ मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत जमिनीत किती ओल आहे त्यावर ठरते. ओल भरपूर असेल तर वलय रुंद, नसेल तर केसाएवढं बारीक. फार वाईट वर्षी ते उमटतही नाही. म्हणून एका झाडावर कधी विसंबायचं नाही. अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून अरुंद-रुंद वलयांचा क्रम जुळवायचा, म्हणजे हरवलेलं वर्ष सापडतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं ही जुळवणी शास्त्र म्हणून उभी केली. कोलंबिया विद्यापीठातल्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेचे ब्रेंडन बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या झाडांतून 1030 ते 2008 अशी सलग 979 वर्षं जुळवली आणि 2010 मध्ये ती प्रसिद्ध केली.

आता सालीकडून गाभ्याकडे निघा.

1876 ते 1878. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला अवर्षणाचा पट्टा. तुमच्या पणजोबांच्या वडिलांनी हा दुष्काळ पाहिला असेल. याच काळात, 1877 मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी बालाश्रम उघडला. आणखी आत या. 1756 ते 1768 हा आणखी एक लांबलेला कोरडा काळ, त्याच्या शेवटाकडे सयामची राजधानी अयुथया पडली. इथे रेंगाळू नका. आपल्याला साडेतीनशे वर्षं आणखी मागे जायचं आहे.

1403. या सगळ्या नोंदीतल्या सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक. डोंगर उतरा आणि सुमारे 500 किलोमीटर पश्चिमेला, आजच्या कंबोडियातल्या ख्मेर राजांच्या राजधानीला, अंगकोरला चला.

तुम्ही पश्चिम बरायच्या मातीच्या बांधावर उभे आहात. हा तलाव माणसांनी बांधलेला, 8 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटरहून रुंद. शंभर वर्षांपूर्वी झोउ डागुआन हा चिनी प्रवासी इथे वर्षभर राहून गेला, तेव्हा हे नगर भरात होतं. आजूबाजूला सुमारे हजार चौरस किलोमीटरवर कालवे, बांध, खंदक आणि भातखाचरं पसरली आहेत. पण बांधाच्या आतल्या उतारावर पाणी कुठवर होतं याच्या रेषा तुम्हाला दिसतात, एकीखाली एक. ही पहिली वेळ नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची काही दशकं अशीच कोरडी गेली. माणसांनी कालव्यांची तोंडं बदलली, काही बंद केली, उरलेलं पाणी पुरवून वापरायची सोय केली.

आणि मग मधल्याच एखाद्या वर्षी आभाळ फाटलं. वलयांत हेही आहे: या दुष्काळांच्या अधूनमधून अतिशय जोरदार पावसाळे येऊन गेले. कमी पाण्यासाठी आवळलेल्या व्यवस्थेत एकदम लोंढा शिरला. पुरातत्त्वज्ञांनी कालवे खणले तेव्हा ते भरड वाळू आणि खडीनं भरलेले मिळाले. स्पीअन थ्मा या ठिकाणी देवळांचे दगड वापरून बांधलेला पूल आजही उभा आहे, आणि नदी मात्र त्याच्या कमानी सोडून बाजूनं वाहते आहे. तो पाहिला की त्या माणसांबद्दल जीव तुटतो. आळशी किंवा अडाणी नव्हती ती. ज्या पावसाच्या भरवशावर त्यांनी नगर उभारलं, तो पाऊसच बदलला. अंगकोर एकट्या पावसानं पडलं असं झाड म्हणत नाही. व्यापार समुद्राकडे सरकत होता, अयुथयाच्या फौजा येत होत्या, आणि 1431 हे पाडावाचं वर्ष सांगितलं जातं ते त्यांच्याच हल्ल्याचं. पण हल्ला झाला तेव्हा पाण्याची घडी आधीच विस्कटलेली होती.

त्याच 1403 मध्ये तुम्ही दख्खनमध्ये उतरला असता तर? बहमनी राज्य आहे, फिरोजशाह गादीवर आहे, आणि महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू होऊन सात वर्षं झाली आहेत. 1396 पासून बारा वर्षं तो टिकला असं परंपरा सांगते. गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या मुलखातून पुढची तीस वर्षं वसूल नाममात्र होता, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. ‘बारा वर्षं’ हा आकडा कथेतला म्हणून आपण बाजूला ठेवत आलो. व्हिएतनामचं झाड गोदाकाठचा पाऊस मोजत नाही, हे खरं. पण प्रशांत महासागराचं पाणी तापून एल निन्यो उद्भवला की अनेकदा दोन्हीकडचा पाऊस मार खातो. बस्तरच्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत थेंबाथेंबानं वाढलेला चुनखडीचा खांबही चौदाव्या-पंधराव्या शतकातला मान्सून दुबळा होता असंच दाखवतो. माझ्या मते त्या आकड्याकडे आता आदरानं पाहायला हवं.

परत या. भारताचा हवामान विभाग 1875 चा. आपली धरणं, पीकपद्धती, पाणीवाटपाचे करार या साधारण दीडशे वर्षांच्या मोजमापावर उभे आहेत. 1972 चा दुष्काळ घराघरांत अजून आठवतो, आणि तोही दशकभर चालला नव्हता. दशकभराचं अवर्षण आपल्या पर्जन्यमापकांनी पाहिलेलंच नाही, झाडांनी पाहिलं आहे.

आपल्याकडे हे काम सागावर होतं, कारण सागात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ उमटते आणि वर्षं वेगळी मोजता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या सागापासून सुरुवात करून केरळच्या सागातून 1481 ते 2003 अशी 523 वर्षं जुळवली. दुर्गादेवीचा दुष्काळ त्याही आधी संपला होता. इतका म्हातारा साग जंगलात मिळणं कठीण, पण जुनं लाकूड आपल्या घरांत, देवळांत, गढ्यांत आहे. 1750 च्या वाड्यातली तुळई दोनशे वर्षांच्या झाडाची असेल, तर दख्खनमधला 1630 चा मोठा दुष्काळ तिच्या आत आहे.

हे वाडे रोज पाडले जात आहेत आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत फळ्या होऊन जात आहेत. तुमच्या गावात वाडा उतरवत असतील तर एवढं करा: तुळईच्या ज्या टोकाला सालीलगतचा फिकट भाग शाबूत आहे, तिथला दोन इंचांचा आडवा काप घ्या, त्यावर गावाचं नाव आणि वाडा बांधल्याचं साल लिहा, कोरड्या जागी ठेवा आणि वृक्षवलयांवर काम करणाऱ्या संस्थेला कळवा. करवतीखाली गेलेली वलयं पुन्हा मिळणार नाहीत.