पाठीवरचा पांडुरंग



पूर्वरंगात आपण एवढंच पाहिलं की भक्ती दिसते ती सेवेत. मुखी नाम असलं आणि शेजारच्या घरातलं कण्हणं कानी आलं नाही, तर ते नाम ओठापुरतंच राहिलं. आता उत्तररंगाला आख्यान कुणाचं लावायचं? आज मी पुराणातली सावित्री घेत नाही. यमाच्या मागं गेलेली आणखी एक सावित्री आपल्याच मुलखात होऊन गेली, तिची कथा सांगतो. सावित्रीबाई फुले.

माई जन्मल्या ३ जानेवारी १८३१ रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावात. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली लग्न झालं. माई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. अक्षरओळख सासरी आल्यावर झाली, आणि ती करून दिली नवऱ्यानं. बघा, आपण लग्नात मुलीला दागिने किती घातले ते मोजतो. जोतीरावांनी बायकोच्या हाती पाटी दिली.

१८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिकवायला जाऊ लागल्या. आता हे ऐकायला कडू आहे, पण व्यासपीठावरून खोटं बोलायचं नसतं. रस्त्यानं जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण टाकायचे, चिखल टाकायचे. माई एक जादा लुगडं बरोबर ठेवायच्या. शाळेत पोचलं की माखलेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. शेण टाकणारे कोण होते? परके नव्हते, मायबाप. स्वतःला धर्माचे राखणदार म्हणवणारेच होते. सासऱ्यांवर लोकांचा दाब आला आणि मुला-सुनेला घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्याच घरातल्या फातिमाबी माईंच्या बरोबरीनं शिकवू लागल्या.

मी लहानपणी गुरुगृही राहिलो. पाठांतर झालं, टाळ-मृदंग झाला, गुरुजींनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पण तिथल्या इतक्या वर्षांत सावित्रीबाईंचं नाव एकदाही कानावर पडलं नाही. ते पहिल्यांदा कळलं माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून. ती मोठ्यानं वाचत होती आणि मी ऐकत होतो. ज्या माउलीमुळं माझी लेक वाचत होती, तिचं नाव बापाला लेकीकडून कळलं! त्या दिवशी मला माझ्या पाठांतराची लाज वाटली.

पुढचं चरित्र फार मोठं आहे, धावतं सांगतो. १८६३ साली फुले दाम्पत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये, लेकराचा जीव घेऊ नये, इथं येऊन बाळंत व्हावं. तिथं जन्मलेल्या काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला माईंनी दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या उपाशी लेकरांच्या अन्नछत्रासाठी झटल्या. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं माईंनी स्वतः धरलं.

आता मुख्य प्रसंग. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ उजाडता उजाडता पुण्यात शिरला. ताप भडकायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि माणूस बघता बघता जायचा. उंदरावरच्या पिसवांमुळं हे होतं, याचा तेव्हा लोकांना पत्ता नव्हता. घरंच्या घरं ओस पडली. सरकारी तपासणीचा धाक असा, की लोक रोगी लपवून ठेवू लागले.

माईंचं वय तेव्हा सहासष्ट. आज मीही त्याच वयाच्या आसपास आहे. पायरी चढताना कठडा शोधतो, म्हणून मला त्याचं मोल कळतं. यशवंत डॉक्टर झाला होता. त्याला बोलावून माईंनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना सुरू केला, गावाबाहेर, मोकळ्या हवेत. रोगी यायची वाट त्या बघत बसल्या नाहीत, स्वतः आणायला जायच्या.

मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत गायकवाडांच्या पोराला प्लेग झाल्याचं कळलं. माई तिथं गेल्या. त्यांनी ते पोर पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मायबाप हो, त्या पोराचं नाव काय होतं, ठाऊक आहे? पांडुरंग! पांडुरंग बाबाजी गायकवाड. पोर वाचलं असं सांगतात. माईंना मात्र प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ ला त्यांनी देह ठेवला.

इथं मला एक मोह होतो, तो तुमच्यापुढं कबूल करतो. वाटतं, म्हणावं की माई आपल्यातल्याच, विठ्ठलाच्या भक्त. पण ते खरं नव्हे. त्या सत्यशोधक होत्या. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, असं मानणाऱ्या. आपल्या कितीतरी रीतिभाती त्यांनी नाकारल्या. त्यांच्या गळ्यात आपण परस्पर माळ घालायची नाही. आपली माळ मात्र त्यांच्यापुढं तपासून घ्यायची.

आषाढीला दोन्ही पालख्या पुण्याहून निघून हडपसरला येतात. तिथून तुकोबाराय लोणीकडं वळतात, माउली दिवे घाटाकडं. आपण तिथं पाणी पितो, पायाला तेल लावतो. पुढच्या वारीला त्या मातीवर क्षणभर थांबा. म्हणा, इथून एक म्हातारी पांडुरंगाला पाठीवर घेऊन गेली. आणि मग दिंडीत कुणाला ताप आला, जुलाब लागले, तर त्याला झाडाखाली सोडून पुढं जाऊ नका. त्याला दवाखान्याच्या तंबूपर्यंत पोचवा. पंगतीत मागं राहिलात तरी चालेल, पंढरी कुठं जात नाही. आणि घरी गेल्यावर लेकीची शाळा सुटू देऊ नका.

रामकृष्ण हरी!