उर्फ

मराठी वर्तमानपत्रांत ‘उर्फ’ हा शब्द बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीत भेटतो. अमुक उर्फ तमुक असे छापले, की वाचणारा त्या माणसाला अर्धा गुन्हेगार ठरवूनच पुढची ओळ वाचतो. मूळ शब्द अरबी, उर्दूत मुरलेला. ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना अमेरिकेतल्या तुरुंगांची हकीकत सांगतो.

१९४६ साली माल्कम लिटल या तरुणाला घरफोडीबद्दल शिक्षा झाली. १९५२ मध्ये तो सुटला. तोवर तो ‘नेशन ऑफ इस्लाम’चा झाला होता. लिटल हे आडनाव पूर्वजांच्या गोऱ्या मालकाने चिकटवलेले, म्हणून त्याने ते टाकून ‘एक्स’ घेतले. १९६४ मध्ये हजहून लिहिलेल्या पत्रावर सही होती ‘एल-हज मलिक एल-शबाझ’. पुढे तुरुंगात कलमा पढणाऱ्या कितीतरी काळ्या कैद्यांनी नावे बदलली.

इंग्रजांकडून आलेल्या जुन्या कायद्यात फसवणुकीचा हेतू नसेल तर कोणीही नवे नाव घेऊन वावरू शकत असे. पण गंभीर गुन्ह्याची, तिकडच्या भाषेत ‘फेलनी’ची, नोंद असलेल्यांसाठी अनेक राज्यांनी आडकाठी घातली. टेक्सासमध्ये माफी मिळालेली नसेल तर शिक्षा संपल्यावर दोन वर्षे थांबावे लागते. पेनसिल्व्हेनियात खून, बलात्कार अशा काही गुन्ह्यांसाठी नावबदल कायमचा बंद. सरकारचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जुने नाव पुसून कोणी आपला गुन्हा लपवू नये, पोलिसांना नोंद सापडावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

पण ज्यांनी कोर्टातून रीतसर नाव बदलून घेतले, त्यांनाही तुरुंगवाले जुन्याच नावाने पुकारत. आर्कान्सामधल्या अशाच एका मुस्लिम कैद्याचा खटला, ‘सलाम विरुद्ध लॉकहार्ट’, १९९० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात पोचला. नवे नाव मानले तर गोंधळ होईल, असे तुरुंगाचे म्हणणे. न्यायालयाने तोडगा दिला तो आपल्याला ओळखीचा आहे: जुने नाव राहू द्या, त्याच्यापुढे ‘उर्फ’ घालून नवे लिहा. अख्खी दफ्तरे बदलायला नकोत आणि कैद्याचे नावही हिरावायला नको.

मुहम्मद अली तुरुंगातून आलेले नव्हते. १९६४ मध्येच त्यांनी नवे नाव घेतले होते. तरी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या लष्करी भरती केंद्रात त्यांना क्ले म्हणून पुकारले गेले. ते पुढे सरकले नाहीत. पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ती रद्द केली. त्या निकालाच्या मथळ्यावरही कॅशियस क्ले हेच नाव आधी आहे आणि ‘उर्फ मुहम्मद अली’ नंतर.

मला राहून राहून पेनसिल्व्हेनियाची ती कायमची बंदी खटकते. बोटांचे ठसे नावाबरोबर बदलत नाहीत. नोंद शाबूत ठेवायला ‘उर्फ’ पुरत असेल, तर विशीत गुन्हा करून शिक्षा पुरी भोगलेल्या माणसाला साठाव्या वर्षीही त्याच नावाने का डांबून ठेवायचे?