तीन रविवार, तीन वाटा : नाशिक शहरातील आपला इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर महाड, नागपूर, चैत्यभूमी, सांची, बुद्धगया ही ठिकाणे उभी राहतात. ती राहिलीच पाहिजेत. त्यासाठी आपण वर्गणी काढतो, गाडी ठरवतो, शिदोरी बांधतो. पण ज्या गंगापूर रोडने आपण रोज भाजी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला जातो, त्या रस्त्याला काही इतिहास आहे, असे आपल्याला वाटत नाही. "नाशिकमध्ये आपलं काय आहे? काळाराम आणि लेणी, एवढंच ना?" असे तरुण मुले विचारतात. त्यांना पुस्तकातून उत्तर देण्यापेक्षा पायी फिरवून उत्तर द्यावे, असे मला वाटते. त्यासाठी तीन रविवार काढले की पुरे.

पहिला रविवार : विहारापासून गोवर्धनपर्यंत

आपला रस्ता सुरू होतो तो अशोक स्तंभापासून. रिक्षावाला "अशोक स्तंभ, अशोक स्तंभ" असे दिवसातून शंभर वेळा ओरडतो. एका बौद्ध सम्राटाचे नाव आपण घेतो आहोत हे त्याच्याही मनात नसते आणि आपल्याही. तिथून पश्चिमेला निघालो की विद्याविकास सर्कलजवळ कुसुमाग्रजांचे स्मारक लागते. काळाराम मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून चाललेल्या सत्याग्रहात १९३२ साली हा तरुण कवी सामील झाला होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या लढ्यात आपल्याबरोबर कोण उभे राहिले, याचीही आठवण ठेवायची असते.

पुढे जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करीत गंगापूर गाव येते आणि त्याला लागून गोवर्धन. आज गोवर्धन म्हटले की लोकांना धरणाकडे जाणारा रस्ता आठवतो. पण सातवाहनांच्या काळात हे नाव फार मोठे होते. 'गोवधन' हा त्या वेळचा 'आहार' म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा होता. राजाचा अमात्य इथे राहत असे आणि राजाज्ञा त्याच्या नावाने येत असत. विणकरांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे संघ, या गोवर्धनात होते. हे कुणी पोथीत रचलेले नाही. ते दगडात कोरलेले आहे आणि तो दगड आपल्याच शहराच्या दक्षिणेला आहे. गोवर्धनात उभे राहिलात तर प्राचीन असे फारसे काही दिसणार नाही. तिथे काय होते हे कळायला दुसऱ्या रविवारी डोंगर चढावा लागेल.

दुसरा रविवार : त्रिरश्मी

मुंबई-आग्रा महामार्गालगत, गावापासून सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. लोकांनी त्याला 'पांडवलेणी' म्हटले. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिलालेखांत त्याचे नाव 'तिरण्हु' असे येते. इथली चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी आणि वंदनेसाठी खोदली गेली.

बहुतेक लोक वर जातात, फोटो काढतात आणि उतरतात. आपण जरा थांबू. १९ क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने समजले जाते. सातवाहन राजा कण्ह म्हणजे कृष्ण याच्या काळात नाशिकच्या महामात्राने ते करविले, असा लेख तिथे आहे. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहावरील लेखात धंभिक नावाच्या गावाचे आणि 'नासिकक' म्हणजे नाशिककरांचे दान नोंदले आहे. म्हणजे नाशिक हे नाव ज्या सर्वांत जुन्या लेखांत सापडते, त्यांत हे बौद्ध लेख आहेत. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. हा दगडही शाळेत दाखवला गेला पाहिजे.

आता १० क्रमांकाचे लेणे पाहा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते दान दिले. दान देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण (त्या वेळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर दोनशे चाळीस! हे सारे निगमसभेत जाहीर केले आणि फलकावर नोंदवले, असेही तो लेख सांगतो. आपल्या विहारात देणगीदारांचा फलक लागतो आणि कार्यकारिणी हिशेब वाचून दाखवते. तेव्हा कुणी कंटाळून म्हणते, "कशाला एवढं?" त्यांना हा लेख दाखवावा. धम्माचा पैसा उघड्यावर मोजायचा असतो, ही नाशिकची दोन हजार वर्षांची रीत आहे.

याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेचा लेख आहे. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी तिने वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. एक बाई, तीही परक्या वंशाची, आणि तिचे नाव दगडात! आपल्या महिला मंडळाने हा लेख एकदा जरूर पाहावा.

३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली आज्ञा आहे. त्याने भिक्खूंना एक शेत दिले होते. पुढे कळले की ते गाव ओस पडले आहे आणि शेत कुणी कसत नाही. मग त्याने त्याऐवजी नगराच्या हद्दीतील दुसरी जमीन दिली. कागदावर दान देऊन चालत नाही, ते पोचले का हे पाहावे लागते. भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले, तेव्हाही प्रश्न हाच होता. कायद्यात जमीन होती, पण कसणाऱ्याच्या हातात नव्हती.

आणि ८ क्रमांकाच्या लहानशा लेण्यापुढे मी नेहमी जास्त वेळ उभा राहतो. ते मुगुदास नावाच्या 'दासका'ने आपल्या परिवारासह दिले आहे. दासक म्हणजे मासे धरणारा, कोळी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. राजाचा जावई, राजमाता गौतमी बलश्री, शक बाई आणि मासे धरणारा, हे सगळे एकाच डोंगरावर दाते म्हणून कोरले गेले. कुणाचेही नाव कुणाच्या नावाने विटाळले नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हा मुगुदास आपला पूर्वज होता, असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचे नाही हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. मला एवढेच म्हणायचे आहे की या शहरात एक काळ असा होता, जेव्हा दान देणाऱ्याची जात विचारली जात नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी तिथे लावली गेली. उतरताना त्या रोपापाशी पाच मिनिटे बसावे.

तिसरा रविवार : काळाराम आणि परत

तिसऱ्या रविवारी अशोक स्तंभापासून उलट दिशेला चालू. रविवार कारंजा ओलांडून अहिल्यादेवी होळकर पुलावरून गोदावरी पार करायची आणि पंचवटीत शिरायचे. गल्ल्या अरुंद होत जातात आणि एकदम समोर काळ्या दगडाची भिंत येते.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली या मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे जमली होती. चारचारांच्या रांगा, पुढे बँड, आणि त्यात सुमारे पाचशे स्त्रिया. मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चार दरवाजांवर जाऊन बसली. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब गायकवाड होते. हा लढा १९३५ पर्यंत चालला, तरी दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आपल्याला देवळात जाऊन मूर्तिपूजक व्हायचे नव्हते. समाजात चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून हा सत्याग्रह होता, असे बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात दादासाहेबांना स्पष्ट कळवले आहे. म्हणून त्या बंद दरवाजापुढे उभे राहून मुलांना रडगाणे सांगू नये. चार दरवाजे कुठे होते ते मोजायला सांगावे, आणि त्या पंचवीस बायका उन्हात कुठे बसल्या असतील हे विचारावे.

परत येताना गाडगे महाराज पुलावरून जुन्या नाशिकात शिरू आणि भद्रकाली परिसरातून चालू. तिथे मोठा राजवाडा आहे. बाहेरच्या माणसाला वाटते इथे राजाचा वाडा असेल. आपल्याला माहीत आहे तो कसला राजवाडा! १४ एप्रिलची मिरवणूक याच जुन्या नाशिकातून शालिमारच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत जाते. तिसरा रविवार तिथेच, पुतळ्याला अभिवादन करून संपतो.

दूर देशातील एक वस्ती

आता एका परक्या शहराविषयी थोडे सांगतो, कारण त्यातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. जपानला आपण बौद्ध देश म्हणतो. तिथल्या ओसाका या मोठ्या शहरात नानिवा नावाचा भाग आहे. पूर्वी त्या वस्तीला वातानाबे गाव म्हणत. तिथे मेलेल्या गुरांचे कातडे कमावणारे आणि ढोल बनवणारे लोक राहत. देवळा-मंदिरांना आणि उत्सवांना त्यांचा ढोल चाले, पण त्यांचा स्पर्श चालत नसे. १८७१ साली कायद्याने हा भेद रद्द झाला, मनातून गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. आपल्या काळाराम सत्याग्रहाच्या आठच वर्षे आधीची ही गोष्ट!

मनाला लागते ती गोष्ट पुढची आहे. काही बौद्ध मंदिरांनी या लोकांना मृत्यूनंतर द्यायच्या धम्मनावांतसुद्धा हिणवणारी अक्षरे घातली होती. भगवान बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशातही भेद मंदिराच्या वहीत शिरला. त्यामुळे आपण बौद्ध झालो म्हणजे काम संपले, असे समजू नये. आपल्याच वस्तीत लग्न जमवताना "पूर्वीचे कोण?" हा प्रश्न ऐकू येतो की नाही, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

नानिवाच्या लोकांनी ढोल टाकला नाही. तो अभिमानाने वाजवला, रस्त्याला ढोलाचे नाव दिले. आपण महाडनंतर मेलेली गुरे ओढायचे सोडले, कारण आपल्याकडे ते काम म्हणजे गुलामगिरीची दोरी होती. दोन्ही वाटा स्वाभिमानाच्याच. ओसाकात त्यांच्या प्रयत्नाने १९८५ साली मानवी हक्कांचे संग्रहालय उभे राहिले होते. जागेच्या वादानंतर २०२० मध्ये ते बंद पडले. एवढ्या श्रीमंत देशातही सामान्य माणसाचा इतिहास जागेअभावी बंद होऊ शकतो.

मग आपण काय करावे?

१९३० साली त्या मैलभर मिरवणुकीत चाललेल्या पंधरा हजार माणसांपैकी किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? बाबासाहेब आणि दादासाहेबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पाचशे स्त्रिया? त्या आज नाहीत. त्यांच्या लेकी-सुनाही थकल्या. एखाद्या घरात ट्रंकेत जुना फोटो असेल, एखादी पावती असेल, एखाद्या आजीला सासूने सांगितलेली गोष्ट आठवत असेल. दिवाळीच्या सफाईत ते सगळे रद्दीत जाते.

दोन हजार वर्षांपूर्वी मासे धरणाऱ्या मुगुदासाचे नाव दगडावर राहिले, आणि नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी मंदिराच्या दारात बसलेल्या आपल्या आजीचे नाव कुठेच नाही. याला दुसरे कुणी जबाबदार नाही. लिहून ठेवायचे काम आपले होते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. विहारात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहावे : मूळ गाव कोणते, नाशिकला कधी आलो, कुठल्या वस्तीत राहिलो, काळाराम, येवला किंवा नागपूरला घरातले कोण गेले होते. खरे तेवढेच लिहावे, वाढवून लिहू नये. आठवत नसेल तर जागा कोरी सोडावी. आणि दर वर्षी वर्धापनदिनाच्या आधीच्या तीन रविवारी मुलांना घेऊन या तीन वाटा पायी चालाव्यात. पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल आणि चांगली चप्पल, बाकी खर्च नाही.

पुढच्या स्मरणिकेत त्या वहीतील पहिली दहा पाने छापता आली, तर विहाराचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.

नमो बुद्धाय! जयभीम!